सातव्या झेंड्यामागचं भात

"सहदेव, अरे हे गवत नाय रे, भात आहे!" गुडघाभर हिरव्यात उभा राहून मुकादम जयवंत ओरडला.

"तूच बोललास ना, कायपण लाव, पण हिरवं दिसू दे," सहदेव म्हणाला.

जयवंतनं कपाळाला हात लावला. मुलुंडच्या डोंगराखालचं ते गोल्फचं मैदान, तिकीट काढून कुणीही खेळावं असं. बांधणाऱ्यांनी तिथं फारशी खोदाखोद केलीच नव्हती. डोंगर जसा उतरला तसे खेळाचे पट्टे उतरले, ओहोळ वळला तिथं तेही वळले. सातव्या झेंड्यामागच्या खोलगट जागेत मात्र पाणी साचायचं आणि गवताचं बी दरवर्षी कुजायचं. कोकणी माणसाला अशी जागा दाखवून हिरवं लाव म्हटल्यावर तो दुसरं काय लावणार?

ब्याऐंशीच्या संपात सहदेवची गिरणी सुटली, आणि गावची खाचरं तर त्याआधीच चुलतभावांनी गिळली होती. तीन वर्षं तो परक्यांच्या खेळासाठी गवत कापत होता. पण यंदा जूनमध्ये या चिखलात पाय रुतले आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. नाहूरच्या खोलीत त्यानं बायकोला, वनमालाला, सांगूनही टाकलं की यंदा दसऱ्याला नवं आपल्या भाताचं बांधायचं. दाराला बांधायच्या नव्या भाताच्या लोंब्या बाजारातून आणताना तिचा जीव दरवर्षी तुटायचा. त्या दिवसापासून ती रोज विचारू लागली, "केवढा झाला?"

"दसऱ्यापर्यंत ठेव ना, यार," सहदेव आता जयवंतला म्हणाला. "पोटरीत आलंय, आता लोंब्या बाहेर पडतील. महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"रविवारी स्पर्धा आहे. बॉल भातात गेला तर शोधणार कोण, माझा बाप? साहेबांनी बघितलं ना, तर दोघांची वाट लागेल. उद्या मशीन फिरवतो."

"मशीन नको. मी कापतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरून विळा आणला. मुठीमुठीनं, बुडापासून कापलं, पेंढ्या बांधल्या आणि जवळच्या तबेल्यात म्हशींना टाकल्या. कापताना तो रडला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग ओहोळाकडे चर काढून पाणी काढून दिलं आणि वर गवताच्या लाद्या बसवल्या. घरी मात्र त्याचं तोंड उघडेना. वनमालानं विचारलं की "बरा आसा" म्हणायचा आणि कूस बदलायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती स्वतःच मैदानावर हजर झाली. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत आंब्याचे डहाळे आणि सुतळी.

"भात खंय?"

सहदेवनं झेंड्यामागं बोट दाखवलं. तिथं बेतानं कापलेलं गुळगुळीत गवत होतं. "कापूक लावल्यानी," तो म्हणाला. "माका सांगूक जमला नाय."

ती खाली बसली, गवत बाजूला सारून चिमूटभर माती उचलली आणि दोन बोटांत चोळून बघितली.

"माती बरी आसा," ती म्हणाली. "पिकला असता."

मागून खेळणारे खोळंबले होते, म्हणून दोघं बाजूला झाली.