काचेमागचा जपानी पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. जुना झालो, पण वापरला गेलो नाही. घनसावंगीजवळच्या एका गावात, जयवंताबाईंच्या शोकेसमध्ये माझा मुक्काम आहे.

माझा जन्म जपानचा. दोन पोलादी भिंती, मध्ये पोकळी. सकाळचं पाणी संध्याकाळीही वाफाळतं ठेवावं, हे माझं ब्रीद. जयवंताबाईंचा मुलगा ओमप्रकाश कंपनीतर्फे तिकडे गेला आणि आईच्या चहासाठी मला घेऊन आला. वाटलं, आता सेवा घडणार!

जयवंताबाईंनी मला पदराने पुसलं, देवापुढे ठेवलं आणि काचेमागे बंद केलं.

"माय, चहासाठी आणलाय गं!"

"ऱ्हाऊ दे बाबा. पाव्हण्यारावळ्याला दिसल."

पुढे माझं झाकण शेजारी ठेवून तोंडात प्लास्टिकचे गुलाब खोचले गेले.

काचेतूनच मी हा मुलूख शिकलो. इथे निघताना 'येतो' म्हणतात आणि दारात पुन्हा तासभर बोलतात. पाहुणा चहाला आधी नको नको म्हणतो, मग बशीत ओतून फुर्रकन ओढतो. तो आवाज ऐकला की मला जपान आठवे. आमच्याकडे शेवया अशाच ओढतात. या नको नकोत दुसऱ्याचा चहा गार होई. सून शिवकन्या तो पुन्हा गॅसवर चढवी आणि मी आत तळमळे.

दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन यांच्या रांगेत मलाही हळदकुंकू लागे. ती सगळी वर्षभर झिजलेली, मी नुसता उभा! त्या कुंकवाची मला लाज वाटे. झाकणाचं रबरही सुकत चाललं होतं. ते तडकलं, की मी कायमचा फुलदाणी.

यंदा सप्ताहात राधेश्याम महाराज आमच्याकडे उतरले. काल्याच्या कीर्तनाच्या सकाळी त्यांचा घसा बसला. मंडप गच्च भरलेला, आणि महाराजांच्या तोंडून अभंग फुटेना.

"ज्येष्ठमधाचं पाणी उकळून राह्यले," शिवकन्या म्हणाली, "पण मंडपात जाईस्तोर गार व्हईल. आत्याबाई, थर्मास काढते."

"हात नको लावू! फुटल त्यो!"

"लोखंडाचा हाय, कसा फुटल? म्हाराजांचा आवाज गेला तर काला कसा व्हायचा?"

तशी जयवंताबाईंनी स्वतःच काच सरकवली आणि माझ्या तोंडातले गुलाब उपसले.

मित्रांनो, कढत पाणी पोटात पडलं तेव्हा मला माझा जन्म कळला! रबर टिकलं. महाराज घोटघोट पीत गेले, गळा मोकळा झाला, टाळ कडाडले, दहीहंडी फुटली.

"माउल्यांनो, देवानं दिलेलं झाकून ठिवू नका," महाराज मला उंच धरून म्हणाले. "यानं आज कीर्तन राखलं!"

मंडप डोलला. जयवंताबाईंनी डोळे पुसले.

घरी आणून त्यांनी मला हार घातला. म्हणाल्या, "म्हाराजांच्या हातचा परसाद हाय. आता ह्याला कुणी शिवायचं न्हाई." आणि काच पुन्हा सरकली.

महाराजांचा गळा पुन्हा बसावा, असं मागणं मी देवाकडे कसं मागू? मित्रांनो, घरी जाल तेव्हा तुमच्या शोकेसकडे एकदा बघा. आतल्या एखाद्याला बाहेर काढा, विसळा आणि त्यात चहा भरा. हार नको.