येताना दीड तास

लुसिंदाने खारवलेल्या माशाचं पाणी शेवटचं बदललं आणि टेबलावर तीन ताटं मांडली. एक तिचं, एक मुलाचं, आदेलिनोचं, आणि एक नवऱ्याचं. आल्बानोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. पण नाताळच्या आदल्या रात्री जेवणानंतर टेबल आवरायचं नसतं. घरातली गेलेली माणसं रात्री येऊन जेवून जातात. त्याचं ताट हवंच.

शेजारची झुल्मिरा कोबी घेऊन आली, तिने दारातूनच ताटं पाहिली.

"येतोय वाटतं लेक?"

"न यायला काय झालं? लक्झेंबर्गहून यायला दीड तास तर लागतो."

"आणि जायला साडेतीन! झाली तुझी टकळी सुरू. अगं बाई, विमानाला काय येताना उतार लागतो?"

"तिकिटावर छापलं होतं. तिथून दहाला निघालं, साडेअकराला इथे आपल्या पोर्तोत. जाताना बाराला निघालं, ते साडेतीनला पोचलं."

"मग एवढी दीड तासाची वाट, सहा वर्षं का गं सरेना त्याला?"

झुल्मिरा जिभेची तिखट, पण बोलून गेल्यावर तिचाच चेहरा पडला. कोबी ठेवून ती निघून गेली.

कुणीही विचारलं तरी लुसिंदा हेच सांगायची. दीड तासावरचा मुलगा कधीही येऊ शकतो, अगदी जेवायलासुद्धा. या एका गोष्टीच्या जोरावर तिने इतके नाताळ एकटीने काढले होते.

बटाटे उकळायला लागले तेव्हा फोन वाजला.

"आई, यंदाही नाही जमत गं. तूच ये ना इकडे. तिकीट मी काढतो."

लुसिंदाने गॅस बारीक केला.

"मला नाही बसवत रे साडेतीन तास. तुझं बरं आहे, दीडच तास."

"किती वेळा तेच, आई! दोन्हीकडून अडीचच तास लागतात. तुमचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास मागे असतं, म्हणून तसं दिसतं. मलाही तेवढंच लांब आहे."

फोनमधून भांड्यांचा आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

आल्बानोही तिकडेच बांधकामावर होता. ऑगस्टमध्ये सुट्टीवर आला की हातपाय धुण्याआधी तो याच टेबलाशी उभा राहून मनगटावरचं घड्याळ एक तास मागे करायचा. "घ्या, एक तास जास्तीचा आणलाय तुमच्यासाठी," म्हणायचा. आदेलिनो तेव्हा लहान होता, त्याच्या लक्षात नसेल.

"हो का?" लुसिंदा म्हणाली. "मग तुलाही लांबच पडतं की रे बाबा."

"तेच तर सांगतोय मी."

"नको मग दगदग करूस. वेळेवर जेव."

फोन ठेवल्यावर तिला फार एकटं वाटलं. तरी तिने मासा, बटाटे, कोबी वाढून घेतलं, वर ऑलिव्हचं तेल सोडलं आणि जमेल तेवढं खाल्लं. मग रीतीप्रमाणे सगळं तसंच ठेवून ती उठली. आल्बानोच्या ताटाशेजारी पाव सरकवला.

दाराशी जाऊन ती परत फिरली. रात्रभर टेबलावर रिकामी राहतात ती गेलेल्यांची ताटं. तिने आदेलिनोचं ताट उचललं. ते कोरंच होतं, तरी तिने ते धुतलं, पुसलं आणि कपाटात ठेवून दिलं.