खालची एकसष्ट

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. गुरुवारची संध्याकाळ होती, वाचनालयात टेबलापुढे सातआठ माणसं ताटकळली होती, आणि पुस्तकबाई कॉलेजातल्या एका मुलीला विचारत होत्या, "मागचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस?"

मुलगी बावरली. आवडलेलं पुस्तक सांगायची तयारी करून आली होती बिचारी. पण बाईंची रीत उलटी. आवडलेलं पुस्तक माणूस चारचौघांत शोभेलसं सांगतो, टाकलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलीनं अडखळत सांगितलं, तीन बहिणींची ती कौटुंबिक कादंबरी. थोरली फारच सोसते, म्हणून टाकली. बाई उठल्या आणि मागच्या फळीवरून बोटीवरच्या डॉक्टरची साहसकथा काढून तिच्या हातात ठेवली.

"हिच्यात कुणी सोसत नाही. सगळे भांडतात. ने."

चौतीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. पुस्तकांची नावं त्या क्वचितच घेत. 'विहिरीतल्या प्रेताची', 'दोन जावांची', 'चंद्रावर शेती करतात ती', अशा त्यांच्या खुणा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या केबिनमनला रहस्यकथा लागे, पण खून पहिल्या दहा पानांत झालेला हवा. त्याहून उशीर झाला की तो गाडी लेट झाल्यासारखा कुरकुरे. नऊ वर्षांच्या पोराला भुताची गोष्ट द्यायची ती दुपारी वाचायच्या बोलीवर. नवरा गेलेल्या बाईला पहिलं वर्षभर विनोदी काही द्यायचं नाही, कारण हसू आलं की तिलाच अपराध्यासारखं वाटतं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. बाईंच्या डोक्यात होतं.

आणि त्यांची सगळ्यांत लाडकी वाचक त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती.

ती म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काटेवाल्याची म्हातारी आई. गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. तिच्या नावाचं कार्ड होतं, आणि पुस्तक न्यायला यायची तिची सून. बाजारहाटाची पिशवी खांद्याला, पदर कमरेला, टेबलाशी उभी राहून निरोप सांगायची. पहिली कितीतरी वर्षं निरोप एकच: लढाया असलेलं द्या. म्हातारीला तलवारीशिवाय गोष्ट गोड लागत नसे. वाचनालयाचा शिपाई म्हणायचा, "गुडघे चालत नाहीत, म्हणून घोड्यावरून फिरते म्हातारी."

मग एका गुरुवारी निरोप बदलला. सून खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हणतात, लढाया आता पुरे झाल्या. माणसांचं काहीतरी द्या."

बाईंना आनंद झाला. त्यांनी 'दोन जावांची' दिली. पुढच्या खेपेला निरोप आला, चांगली आहे, पण धाकटी जाऊ शेवटी एकदम शहाणी होते ते सासूबाईंना पटलं नाही. बाई खुर्चीत ताठ झाल्या. इतकं नेमकं त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. त्यानंतर त्या म्हातारीसाठी पुस्तक निवडण्यात दोनदोन दिवस घालवू लागल्या. प्रवासवर्णन दिलं, निरोप आला, लेखक समुद्रापेक्षा स्वतःकडेच जास्त बघतो. प्रेमकथा दिली, तर आठवडाभरातच परत आली आणि सून लाजत म्हणाली, अशीच आणखी असेल तर चालेल म्हणतात. शिपाई तोंडावर हात ठेवून हसला. म्हातारीला चळ लागला, हे त्याचं मत. बाईंनी त्याला दटावलं. माणूस पंचाहत्तरीत नव्यानं वाचायला लागला तर त्याला पालवी म्हणावं, चळ म्हणू नये.

एकदा बाईंनी एक जाड कादंबरी दिली, घर सोडून गेलेल्या बाईची. तिच्यावरचा निरोप त्या पुढे कित्येकांना सांगत असत. सासूबाई म्हणतात, ती निघाली ते ठीकच, पण निघताना तिनं दुधाचं पातेलं झाकून ठेवलं, ते वाचून रडू आलं.

त्या वाचनालयाची एक प्रथा होती, बाईंनीच घातलेली. जुना वाचक वारला, की त्याच्या कार्डावरून त्यानं नेलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी, तारखांसकट, बाई स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून घरच्यांना पाठवत. सांत्वनाचं पत्र माणूस एकदा वाचून ठेवून देतो. आपल्या माणसानं काय काय वाचलं ते पुन्हा पुन्हा बघतो. कुणाकुणाच्या घरी त्या याद्या काचेत लावलेल्या होत्या.

त्या वर्षी तीन गुरुवार सून आली नाही. चौथ्या गुरुवारी बाईंनी केबिनमनला विचारलं. तो त्याच गल्लीत राहायचा. काटेवाल्याच्या आईला बरं नाही का?

"ती? ती गेली की," केबिनमन म्हणाला आणि हातातल्या रहस्यकथेची पहिली दहा पानं चाळू लागला.

कधी गेली, हे बाईंनी विचारलं नाही. टेबलापुढे गर्दी होती. तीन गुरुवार सून आली नाही, म्हणजे तेव्हाच. दुसरं काही मनात यायला वावच नव्हता.

दोन दुपारी बसून त्यांनी यादी उतरवली. दोनशे बारा पुस्तकं. वरती लढाया, मग माणसं. शेवटची ओळ लिहिताना त्यांनी चष्मा काढून पुसला. शिपायानं यादी काटेवाल्याच्या दुकानात नेऊन त्याच्या हातात दिली.

सोमवारी तो आला. सडसडीत, कमी बोलणारा माणूस, बोटांना यंत्राच्या तेलाचा वास. त्यानं यादी टेबलावर उलगडली आणि शेजारी एक पुस्तक ठेवलं. त्याच्या मधल्या पानांत दोऱ्याचा तुकडा खुणेला घातलेला होता.

"आई गेली त्याला गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "वरची दीडशे तिची असतील. ही खालची एकसष्ट पुस्तकं तिनं वर नेऊन वाचली का?"

बाईंनी यादीकडे पाहिलं. लढाया जिथे संपत होत्या तिथली तारीख बघितली, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. दोन जावा, समुद्र, दुधाचं पातेलं. त्या हुशार म्हातारीला पाहायची त्यांना फार इच्छा होती, आणि ती दर गुरुवारी पिशवी घेऊन समोर उभी राहत होती.

पलीकडच्या टेबलावर वाचनालयाचे चिटणीस बसले होते. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दिवेलागणीच्या आत गावभर होई.

"माझी चूक," बाई म्हणाल्या. "दोन कार्डं एकात एक गेली असतील. दुसऱ्या कुणाची पुस्तकं तुमच्या आईंच्या नावावर उतरली."

"आणि हे? हे आमच्याकडे शिवणयंत्राच्या खोक्यात निघालं."

"आईंनीच नेलेलं असेल. परत करायचं राहून गेलं."

"यादीत त्याच्यापुढे गेल्या महिन्याची तारीख आहे."

"तारीखही माझीच चुकली."

चिटणीसांनी मान वर केली. चौतीस वर्षांत या बाईची तारीख चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

काटेवाल्यानं चिटणीसांकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, दुकानात काटा घेऊन येणारा प्रत्येक जण आधी सांगतो, माझा काटा खोटा नाही. मी वाद घालत नाही. वजन टाकून बघतो." त्यानं यादीची घडी घातली. "घरी मी बायकोला काही बोललो नाही. बोलणारही नाही. मुलीला गोवर आलाय, तीन आठवडे ती रात्रंदिवस उशाशी बसून आहे. पण आईच्या नावानं… आई असती तर हसली असती, ते वेगळं. मला नाही हसू येत. तेवढं कार्ड बंद करा."

बाईंनी कार्ड काढलं. लाल शाईनं रेघ मारताना त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "तुमच्या मंडळींच्या नावानं नवं करून देऊ का?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सुताराला करवत हवी का विचारावं आणि त्यानं आहे म्हणावं, इतक्या साधेपणानं तो म्हणाला, "तिला कुठे वेळ असतो?"

सही करून तो गेला. यादी मात्र घेऊन गेला.

आठ दिवसांनी कार्यकारिणी बसली. चिटणीस सज्जन होते. त्यांनी वय, डोळे, वाढता पसारा असं सगळं आडवळणानं सांगितलं. कार्डं एकात एक जायला लागली म्हणजे आता विश्रांतीची वेळ झाली. बाईंना एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर होतं. पण ते टेबलावर पडलं असतं, तर काटेवाल्याची बायको मेलेल्या सासूच्या नावानं प्रेमकथा वाचते, हे तिच्या नणंदेच्या घरापर्यंत गेलं असतं, आणि त्या बाईला जन्मभर ते ऐकावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. हल्ली चुका होतात माझ्या." आणि महिनाअखेरीला चाव्या शिपायाच्या हातात दिल्या. शिपाई, जो कशावरही विनोद करायचा, तो त्या दिवशी उगाचच फळ्या पुसत राहिला.

पुढच्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर नंबराची वाट बघत असताना सून त्यांना भेटली. मुलीच्या चष्म्यासाठी आली होती. मुलगी आत होती. बाई सरकून बसल्या. सून शेजारी टेकली.

"ती यादी मी पाठवायला नको होती," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत होतं?" सून म्हणाली. "यादी ह्यांनी ठेवलीय. आईंच्या फोटोखाली, काचेत. खालचा भाग मागे दुमडून."

मग हळूहळू बोलली. आधी म्हातारीला वाचून दाखवायची, तिथून गोडी लागली. म्हातारीच मधूनमधून म्हणायची, पुढचं तू तुझं वाचून ठेव, मला उद्या सांग. ती गेल्यावर चौथ्या आठवड्यात पुस्तक परत करायला म्हणून आली, आणि बाईंनी नेहमीसारखं विचारलं, आता काय देऊ सासूबाईंना? त्या क्षणी तोंडातून खरं निघालं नाही. एकदा नाही निघालं, ते पुढे कधीच निघालं नाही. नणंद म्हणायची, पुस्तकं वाचून चूल पेटत नाही. अंथरुणातल्या म्हातारीनं वाचलं तर ते दुखणं विसरण्यासाठी. धडधाकट बाईनं वाचलं तर ते आळसापोटी.

"नवरा काही बोलला?"

"नाही. एक शब्द नाही. बोलले असते तर मीही काही बोलले असते."

सुनेनं पदर सारखा केला. मग तिनं विचारलं, ते शेवटचं, शिवणयंत्राच्या खोक्यातलं, त्यातली ती परिचारिका पुढे परत जाते का त्या गावाला?

बाईंनी आजवर कुणाला शेवट सांगितला नव्हता. पोरांनी हात जोडले तरी नाही. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. दोऱ्याच्या खुणेपासून पुढे, प्रकरणामागून प्रकरण. कोण कुणाला काय म्हणालं, पत्र कसं उशिरा पोचलं, सगळं. त्यांचा नंबर पुकारला, त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. परिचारिका परत जाते, पण तोवर दवाखाना बंद झालेला असतो. ती पायरीवर बसते, आणि एक माणूस तिला विचारतो, दवाखाना कधी उघडणार? तिथे संपतं.

सून विचार करत राहिली. "भांडी घासताना मी वेगळा शेवट लावला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, ती कुलूप तोडते."

बाईंना तो शेवट पुस्तकातल्यापेक्षा चांगला वाटला, आणि तसं त्यांनी तिला सांगितलं. सून लाजली, पूर्वी निरोप सांगताना लाजायची तशी. तेवढ्यात मुलगी बाहेर आली आणि दोघी गेल्या.

पुस्तकबाई त्यानंतर अकरा वर्षं भावाकडे राहिल्या. शेवटी डोळे गेले. भाच्या वाचून दाखवायच्या, आणि एखादं पान गाळलं की बाईंना कळायचं. केबिनमन एका दुपारी खुर्चीतच गेला. शिपाई वाचनालयाचा ग्रंथपाल झाला. आलेल्या माणसाला तोही विचारायचा, मागचं कुठलं टाकलंत, पण उत्तर आलं की काय द्यायचं ते त्याला सुचत नसे. वाचनालयात चिटणीसांच्या नावाचं दालन झालं. काटेवाल्याचं दुकान बिनवजनाचे, आकडे दाखवणारे काटे आल्यावर बंद पडलं. तो पुढे चारेक वर्षं होता, बायकोशी चांगलाच वागला.

मुलगी शिकली, प्राध्यापक झाली, आईला आपल्याकडे घेऊन गेली. तिच्या घरात चारही भिंतींना पुस्तकं. दुपारी सगळे बाहेर गेले की आई खिडकीशी बसून असते. मुलगी पुष्कळदा म्हणते, "आई, वाच ना गं काहीतरी. कुठलं काढून देऊ?"

ती म्हणते, "नको बाई. दोन पानं झाली की मन उठतं. सवयच राहिली नाही आता." आणि उठून फळीवरची धूळ पुसून घेते, एकेक पुस्तक काढून, परत जागच्या जागी लावत.