चार हजार वर्षांचा परवाचा माठ

मी एक जुना माठ आहे, मित्रांनो. किती जुना, या एका प्रश्नावर एका माणसाची मान लटकत होती. अजूनही काचेबाहेर बूट वाजले की माझ्या सांध्यांतला डिंक थरथरतो.

इजिप्तच्या वाळवंटात साहेब लोक जुनी थडगी उकरत होते. त्यांच्या छावणीतल्या बशंदी नावाच्या स्वयंपाक्याचा मी माठ. माझं पाणी सगळे पीत, पण मला ओलं फडकं गुंडाळी तो एकटा बशंदी.

एका दुपारी सगळे आडवे झालेले असताना नकाशे काढणारा लाल केसांचा बॅसेट पाणी प्यायला आला. मागून हॅलम आला. खोट्या मूर्ती स्वतःच पुरून स्वतःच शोधणारा हा विद्वान! बॅसेटला ते कळलं होतं. हॅलमने मला उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. बॅसेट जागीच मेला. हॅलमने माझे तुकडे जुन्या खापरांच्या ढिगात टाकले. मी ओरडलो असतो, पण तोंडच फुटलं होतं.

दोन दिवसांनी ठाणेदार आला. बॅसेटने मरायच्या दिवशी सकाळी मसुराच्या आमटीला नावं ठेवली होती, एवढ्यावर बशंदीला खांबाला बांधलं.

"आमटीला नावं ठेवणाऱ्यांना मारायचं तर एक साहेब उरला नसता, हुजूर!" तो रडत म्हणाला. "आणि माझा माठ हरवलाय, तो तरी शोधा!"

"मान जायची वेळ आली आणि माठ काय मागतोस?" म्हणत ठाणेदाराने त्याच्या तोंडात बोळा कोंबला. माझंच फडकं!

मोठे साहेब पेंडलटन मात्र खापरं जुळवत बसले. त्यांना ढिगात मी सापडलो होतो. समोर हॅलम. एकेक तुकडा बसला की त्याचा चेहरा उतरे. हा मला पुन्हा फोडणार, या भीतीने मी अर्धमेला. बशंदीने मला ओळखलं, पण फडक्यातून नुसतं "ऊं ऊं" येई.

"गप्प करा त्याला, जोड हलतोय!" पेंडलटन खेकसले. मग आनंदाने ओरडले, "चार हजार वर्षं! आत लाल केससुद्धा चिकटलेत, राजाचे असणार! हॅलम, लेखावर तुझंही नाव घालतो."

हॅलमने गप्प बसायचं होतं. पण खुनाला न लाजलेला हा माणूस चुकीच्या तारखेला लाजला.

"माझं नाव नको! जग हसेल! हा स्वयंपाकाच्या तंबूतला माठ आहे, परवा फुटलेला!"



"फुटलेला?" ठाणेदाराने माझ्यात डोकावून लाल केस पाहिले. "मी तर हरवल्याचं ऐकलं होतं. फुटताना तुम्ही कुठे होता, साहेब?"

हॅलमला बेड्या पडल्या. बशंदी सुटला. त्याची माफी कुणी मागितली नाही.

"निदान माझा माठ तरी द्या," तो म्हणाला.

"वेडा आहेस? चार हजार वर्षांचा आहे तो!" पेंडलटन म्हणाले.

म्हणून मी संग्रहालयात, खोट्या पाटीखाली, कोरडा बसलोय. मला पहारेकरी आहे. बशंदीला साधा माठ नाही. मित्रांनो, फुटक्या वस्तू जपा, जरूर जपा. पण शेजारी कुणी खांबाला बांधलेला असेल, तर आधी त्याच्या तोंडातलं फडकं काढा. खापरं मग जुळवा.