तोंडावरचं हसू

दवाखान्यात लेकरांना लस टोचून टोचून तिचं तोंडच हसरं झालं होतं. सुई हातात घेतली की हसायचं. आपण हसलो की पोर निम्मं भिणं विसरतं. बारा वर्षं हेच. आतून घाबरली तरी वरून हसूच. कुणी मेलं तरी ही हसेल, अशी बरोबरीच्या नर्सा तिची टर उडवायच्या.

घरी दहा महिन्यांची लेक, ठकी. नवीन काही दिसलं की ही बया आधी आईचं तोंड बघायची. आई हसली की चालली पुढे. मिक्सर म्हणू नका, शेजारचं कुत्रं म्हणू नका, पोरगी कशालाच भ्यायची नाही. थोडं भिऊ दे गं तिला, असं सासूबाई सांगून थकल्या. पण भित्रं लेकरू मला नकोच, हा हिचा हेका.

त्या सकाळी सासूबाई कचरा टाकायला खाली गेल्या आणि दार उघडंच राहिलं. ती मोजे शोधत बाहेरच्या खोलीत आली, तर ठकी रांगत थेट जिन्याच्या तोंडाशी. तिसरा मजला, फरशीच्या पायऱ्या. ओरडावं तर पोर दचकायची आणि तिचा तोल जायचा. धावावं तर रोजचा पकडापकडीचा खेळ. मागे पावलं वाजली की ठकी खिदळत पुढे सुटायची.

ठकीनं मान वळवून आईकडे पाहिलं. आणि आईचं मेलं तोंड, सवयीनं हसलं.

झालं! ठकी खूश. तिनं एक हात खालच्या पायरीकडे टाकला.

आईच्या तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. मग तिनं जे कधीच बघायचं नव्हतं ते डोळ्यांपुढे येऊ दिलं: पायऱ्यांखाली पडलेली ठकी, न हलणारी. तोंडावरचं रक्तच उतरलं. डोळे फाटले, ओठ वेडेवाकडे झाले.

ठकी बघतच राहिली. हात मागे आला. खालचा ओठ थरथरला आणि तिनं जागच्या जागी टाहो फोडला.

आईनं झडप घालून तिला उचललं. पोर अंग चोरून थरथरत होती, आईच्या तोंडाकडे बघायलाही तयार नव्हती.

सासूबाई धापा टाकत वर आल्या, काय झालं विचारू लागल्या.

"आई, मी तिला भ्यायला शिकवलं," ती म्हणाली. पोर वाचली होती, तरी तिला त्याचंच रडू येत होतं.