लाइन थांबवलेला दिवस

अकरा महिन्यांत मी एकशे चाळीस ठिकाणी बायोडेटा पाठवला. तीन पानी, आणि सगळीकडे तोच. लेक वैतागली. "बाबा, एकाच मापाचा सदरा सगळ्यांना वाटत सुटलाय तुम्ही. आणि ओळखीतल्या कुणाला एक फोन नाही!"

फोन करायचा म्हणजे नाक मुठीत धरून करायचा. औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तपासनीस होतो, लोकांच्या चुका काढायचाच पगार घेत होतो. असल्या माणसाला मित्र कुठून असणार? कारखाना बंद पडला आणि सगळी ऐट उतरली.

शेवटी धांदरटला फोन लावला. हे नाव मीच ठेवलेलं. पूर्वी तो माझ्या हाताखाली होता, आता दुसऱ्या औषध कारखान्यात तपासणीचा प्रमुख. एकदा त्याने लहान मुलांच्या सिरपवर मोठ्यांच्या डोसची लेबलं चढवली होती. मी पॅकिंगची लाइन थांबवली आणि चाळीस माणसांसमोर त्याची बिनपाण्याने हजामत केली. आठवड्याभरात तो नोकरी सोडून गेला. आता त्याला अरे म्हणू की अहो, तेच मला सुचेना.

"जागा आहे, साहेब," तो म्हणाला. "पण तीन पानं कोण वाचतं? एकच पाठवा. आमच्याकडे लाइन थांबवायची हिंमत असलेला माणूस हवाय. तो दिवस लिहा."

"तो? अरे, पण..."

"लिहा हो."

लेकीने दोन पानं निर्दयपणे कापली आणि तो दिवस सगळ्यात वर घेतला. चूक करणाऱ्याचं नाव मात्र मी लिहू दिलं नाही.

मुलाखतीला समोर मालकीणबाई, शेजारी खाली मान घालून धांदरट. ही नोकरी हुकली तर दुसरं दार उरलं नव्हतं.

बाईंनी पानावर बोट ठेवलं. "चार हजार बाटल्या बाजूला काढायला लावल्या? चूक कुणाची होती?"

"एका सहकाऱ्याची."

"नाव?"

"ते नाही सांगणार."

"असलं काहीही कुणीही रचतं. तुमचा कारखाना बंद, कागद गायब. मी विश्वास कशावर ठेवायचा?"

नाव घेतलं असतं तर नोकरी माझी होती. पण या माणसाची अब्रू मी एकदा चारचौघांत घेतली होती, आणि त्याची लाज मला आत्ता, इतक्या वर्षांनी वाटत होती.

"नका ठेवू," म्हणालो आणि उठलो.

"खरं आहे ते," धांदरट म्हणाला. "लेबलं मी चढवली होती."

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही? आणि तरी यांनाच घ्या म्हणताय?"

"म्हणून तर म्हणतोय, मॅडम. माझी पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. घरी तिला तेच सिरप चालू होतं."

मी पुन्हा खुर्चीत बसलो.