सात जूनचा तक्ता

कारखान्यात माल नासला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात पाच चौकोन असतात आणि पाचही चौकोनांवर एकच शब्द: का? एका ‘का’चं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तरालाच पुन्हा ‘का’ विचारायचं. पाचव्याला मूळ सापडतं म्हणतात. कुरुळीच्या रंगरावांनी बावीस वर्षांत हा फॉर्म पुष्कळदा पाहिला होता. तिसऱ्या चौकोनापुढं तो सहसा जात नसे. तिथवर एखादा कंत्राटी माणूस सापडतोच.

पहिला का. ब्रेक ड्रमला छिद्रं का पडली?
*वाळू ओली होती.*

ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच घर करते. वरून ड्रम गुळगुळीत दिसतो, मशीनवर कातला की आत वारूळ. वीस मेच्या दुसऱ्या पाळीचा सगळा माल असा निघाला.

रंगराव वाळूखात्यातलं सगळ्यात जुनं माणूस. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, तळव्यावर काय राहिलं ते बघायचं, एवढीच त्यांची विद्या. वाळूत ओल किती, ते प्रयोगशाळेतलं यंत्र सकाळी एकदा सांगायचं, रंगराव दिवसभर सांगायचे. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. एका वर्षाच्या मुदतवाढीचा त्यांचा कागद वर गेला होता. घरी बसून हातांचं करायचं काय, हे त्यांना अजून सुचलं नव्हतं.

दुसरा का. वाळू ओली का होती?
*मिक्सरमध्ये पाणी जास्त घातलं.*

मिक्सरवर आमिर होता. नऊ वर्षं याच मिक्सरवर आणि नऊ वर्षं कंत्राटी. गुणवत्ता विभागाच्या विजयश्री मॅडमनी त्याला समोर बसवलं. रंगराव बाजूला.

“किती पाणी घातलंस?”

“रोजच्याइतकं, मॅडम.”

“चार दिवस पाऊस पडतोय. बाहेरचा ढीग भिजलाय. मग पाणी कमी नको करायला?”

आमिरनं एकदा रंगरावांकडं पाहिलं आणि मग टेबलाकडं.

“ध्यानात नाही आलं, मॅडम.”

मॅडमनी लिहिलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. फॉर्म वर जाईपर्यंत गेट पास बंद. फॉर्म वर गेला की ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. आमिर उठला, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि पुन्हा उचललं. ते त्याचं स्वतःचं होतं.

तिसरा का. पाणी जास्त का घातलं?
*निष्काळजीपणा.*

इथं फॉर्म थांबला. पण गोष्ट इथं थांबत नाही, कारण हे उत्तर खोटं होतं आणि ते खोटं आहे हे दोघांनाच माहीत होतं.

वीस मे, दुपारी चार. पत्र्यावर पाऊस असा की ओरडल्याशिवाय बोलता येईना. आमिर ओंजळभर वाळू घेऊन रंगरावांकडं आला होता.

“काका, चिकटतेय बघा. पाणी कमी करू का?”

रंगरावांनी वाळू दाबली. मूठ उघडली. तळवा काळा झाला होता, बोटांच्या पेरांत वाळू बसली होती. त्यांना कळलं. पण कळणं आणि उठणं यांत त्या दिवशी फार अंतर होतं. उठायचं म्हणजे तक्ता बदलायचा, सही घ्यायची, ढिगावर ताडपत्री ओढायला माणसं गोळा करायची, आणि तेही मे महिन्यात. पाच वाजता त्यांची पाळी सुटणार होती.

“तक्त्यावर काय हाय?” त्यांनी विचारलं.

“उन्हाळा. चार डबे.”

“मग चार घाल. सात जूनला अवकाश हाय अजून.”

आमिरनं ओंजळीत उरलेली वाळू खाली टाकली. मग म्हणाला, “बरं, काका.”

चौथा का. तक्त्यावर उन्हाळा का होता?
*(फॉर्ममध्ये रिकामं.)*

कारण तक्ता तसा होता. मिक्सरशेजारच्या खांबावर, प्लास्टिकच्या पिशवीत: उन्हाळा सहा जूनपर्यंत, पाणी चार डबे. पावसाळा सात जूनपासून, पाणी अडीच डबे. सहा जूनला वाळूच्या ढिगावर ताडपत्री, निरगाठ मारून. सोडायची ती दसऱ्यानंतर. अक्षर रंगरावांचं. बावीस वर्षांपूर्वीच्या साहेबानं विचारलं होतं, पाऊस कधी धरायचा? रंगराव म्हणाले होते, सात जून, मृग. वडलांनी जन्मभर तीच तारीख धरली होती. पाऊस कधी चार दिवस पुढं-मागं व्हायचा, पण नातेवाइकासारखा यायचा खरा.

आता काही खरं नाही. फेब्रुवारीतच पंखे लागतात. मागल्या दिवाळीत आकाशकंदील भिजून लोंबले. थंडी म्हणावी तर आठवडाभर आली, स्वेटर काढेपर्यंत गेली. दर वर्षी माणसं म्हणतात, यंदा असं कसं? आणि दर वर्षी रंगराव तक्त्यावरची धूळ पुसून तो तसाच ठेवत.

घरी त्यांची बायको सावित्रीबाई जमिनीवर धोतर अंथरून कुरडया पंख्याखाली पसरत होत्या. तिसऱ्यांदा.

“गच्चीवर टाकल्या की येतोय,” त्या म्हणाल्या. “मे हाय का श्रावण?”

“आमिरला काढला.”

“ईदला शीरखुर्म्याचा डबा आणतो त्यो?”

“व्हय.”

“काय केलं त्यानं?”

रंगरावांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. “मी सांगितलं तेच केलं.”

सावित्रीबाईंचा हात थांबला. “मग तुमी सांगितलं का न्हाई तसं?”

“मुदतवाढीचा कागद वर हाय.”

“वरीसभर जाऊन आनिक काय करणार? वाळूच दाबणार न्हवं?” त्यांनी एक ओली कुरडई उलटी केली. “घरात बसा की. कुरडया राखायला माणूस पायजेच हाय.”

पाचवा का.

“काका, फॉर्म तिसऱ्यावर बंद झालाय,” मॅडम म्हणाल्या.

“उघडा,” रंगराव म्हणाले, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ओंजळ, तळवा, चार डबे. मध्ये थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करायचं बळ नव्हतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हा कागद वर जाणार. तुमचाही वरच आहे.”

“एकाच टेबलावर पडतील दोनी. त्यांना हेलपाटा न्हाई.”

त्या हसल्या नाहीत. खोडलं, लिहिलं, पान उलटलं. “पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. सात जून काढते. नवी तारीख सांगा.”

रंगराव आता मात्र खुर्चीवर बसले. पंधरा मे म्हणावं, तर पुढल्या साली जूनभर ऊन पडेल, वाळू कोरडी राहील आणि साचे ढासळतील. खिडकीबाहेर ऊन होतं. तासापूर्वी नव्हतं.

“तारीख न्हाई, मॅडम.”

“रिकामा चौकोन चालत नाही, काका.”

“मग लिवा, रोज बघायचं. दर तासाला.”

“कोणी?”

“आमिरनं. त्याला कळतं. त्यानं इचारलं हुतं.”

आमिर गुरुवारी परत आला. रंगरावांचा कागद शुक्रवारी, दोन ओळींचा: मुदतवाढ नाही. त्यांनी तो घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला.

दुपारी दोघं ढिगावर ताडपत्री ओढत होते. ऊन मी म्हणत होतं. ताडपत्री हाताला चटके देत होती.

“बोलला का न्हाईस त्या दिवशी?” रंगरावांनी विचारलं.

“तुम्हाला तोंडावर कसं पाडायचं, काका?” आमिरनं घाम पुसला आणि वर पाहिलं. “एवढं ऊन आहे. झाकायचीच का?”

“झाक.”

“आणि संध्याकाळी?”

रंगरावांनी दोरी खुंट्याला घेतली. सवयीनं बोटं निरगाठीकडं वळली, एक वेढा पडलाही. त्यांनी तो उकलला आणि सुरगाठ मारली, एका हातानं ओढली की सुटणारी. दोरीचं टोक त्यांनी आमिरच्या बाजूला मोकळं सोडलं.